अर्धा तांब्या

"आणि 'रायव्हल'? त्या शब्दाचं मूळ काय हो, सर?"

हुसेनबाबांनी विचारलं आणि डुंबरे सरांची कळी खुलली. जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलेला माणूस. शब्दाचं मूळ सांगायला लागले की आम्हा ऐकणाऱ्यांना जांभई द्यायचीही चोरी. दर गुरुवारी दर्ग्याच्या ओट्यावर यायचे, स्वतःला बाबांचा शिष्य म्हणवायचे आणि बाबांनाच शिकवून जायचे.

आज मात्र ते मागायला आले होते. उद्या सकाळी ते ओढ्यावरून येणारा पाट आपल्या बांधाशी बुजवणार होते. जेसीबी सांगून ठेवला होता. वडिलांनी खणलेला हा पाट सरांच्या रानातून पुढे धाकट्या भावाच्या, विष्णूच्या, डाळिंबांना जायचा. ऐन चैत्रात ती बाग उभी जळाली असती.

सरांना बाबांचा आशीर्वाद हवा होता.

"लॅटिनमधून आलाय," सर म्हणाले. "एकाच ओढ्याचं पाणी घेणारे, ते रायव्हल. वैरी हा अर्थ मागाहून चिकटला."

"पाणी आटल्यावर?"

सर धोतराचा सोगा सारखा करू लागले.

"तुमचा ओढा आटलाय का, सर?"

"पाण्याचं काही नाही, बाबा." सरांचा आवाज चढला. "वडिलांच्या तेराव्याला चारचौघांत विष्णू म्हणाला मला, पुस्तकं वाचून माणूस होता येत नाही. मला! सख्ख्या भावाला!"

बाबांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

सरांनी उचलला. हलका लागला.

"अर्धाच आहे."

"अर्धा सकाळी विष्णू प्यायला."

सरांचा हात तिथेच थांबला.

"तो इथं आला होता? माझ्याविरुद्ध काय मागितलं त्यानं?"

"पाणी."

"नुसतं पाणी?"

"तहानलेला होता. निम्मं प्यायला, मग थांबला. म्हणाला, आज गुरुवार. दादा येईल, त्याला राहू द्या."

सर तांब्या तोंडाकडे नेऊ लागले. थोडं पाणी धोतरावर सांडलं. तांब्या ओठांपर्यंत जाईना आणि खालीही ठेववेना. इतका चिडलेला आणि इतका एकटा माणूस त्या ओट्यावर मी दुसरा पाहिलेला नाही.

"बाबा... उद्याचं काय करू?"

बाबा काठी घेऊन उठले.

"प्या, नाहीतर ओतून टाका. तांब्या रिकामा हवाय मला. उद्या सकाळी तुमच्या पाटावर भरायला येतोय."