भागवत संसारावर नाव घालतो

पिंपळदरी नावाच्या एका गावात एक भोळा वेल्डर राहत होता. त्याचं नाव भागवत ठोंबरे. लोखंडाला लोखंड तो असं जोडायचा की सांधा बोटाला लागायचा नाही. एका गोष्टीला दुसरी गोष्ट जोडायची म्हटली, की मात्र नुसत्या ठिणग्या उडायच्या.

एकदा त्याचे श्रीपतमामा म्हणाले, "भाग्या, बैल पावसात भिजतोय. छत्री घेऊन जा."

भागवत छत्री घेऊन गेला. बैलाच्या शेजारी ठेवली आणि भिजत परत आला.

"अरे गाढवा, बैलाला गोठ्यात आणायचं होतं!"

"बरं मामा. लक्षात ठेवतो."

आणि तो खरंच लक्षात ठेवायचा. तीच तर पंचाईत होती.

श्रीपतमामा म्हणजे घरातलं सगळ्यात वडीलधारं माणूस. तालुक्याबाहेर ते एकदाच गेले होते, दाढ काढायला. पण जगातल्या कुठल्याही विषयावर त्यांचा सल्ला तयार असायचा. मोठ्यांचं ऐकावं, असं मोठेच सांगत असतात. बाकीची भाचरं "हो मामा" म्हणायची आणि आपल्याला हवं तेच करायची. भागवत एकटा ऐकायचा.

पुढे भागवतला परदेशात नोकरी लागली, जहाजं बांधायच्या कारखान्यात. देश असा, की वर्षातले चार महिने नदीवरून चालत जावं. वर्क व्हिसा तीन वर्षांचा.

कारखान्यात तो सतरा नंबरच्या बसने जायचा. बस चालवायची इरावती सामंत. आईवडील मालवणचे, पण ती जन्मली तिथेच आणि नागरिकही तिथलीच. पहिल्याच आठवड्यात तिला त्याच्या डब्यातल्या ठेच्याचा वास आला.

"मराठी का?" तिने विचारलं.

भागवतने मान हलवली. बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही बोलला नाही. तीन महिने बोलला नाही. शेवटी एकदा तिने शेवटच्या स्टॉपवर इंजिन बंद केलं आणि विचारलं, "मुके आहात का हो?"

भागवतने पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर लिहिलं होतं, 'चालकाशी बोलू नये.'

इरावती बसमधून खाली उतरली. "आता मी चालक नाही. बोला."

भागवत बोलला. तीन महिन्यांचं साठलं होतं. त्या दिवशी बस चाळीस मिनिटं उशिरा सुटली आणि वर्षभराने लग्न झालं.

"काय पाहिलंस गं याच्यात?" मैत्रिणी विचारायच्या.

"खोटं बोलायला थोडी तरी अक्कल लागते," इरावती म्हणायची. "मी निर्धास्त आहे."

व्हिसा संपायला चार महिने उरले. आता बायको तिथली नागरिक, म्हणजे भागवतला पीआर मिळू शकत होता, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना. पण असा परवाना मिळवायला खोटी लग्नंही होतात. म्हणून सरकारी कार्यालय आधी खात्री करून घ्यायचं. लग्न खरं वाटलं तर पीआर. नाही वाटलं, तर भागवत एकटा पिंपळदरीला आणि इरावती एकटी सतरा नंबरवर.

कार्यालयाचं पत्र आलं, 'एकत्र संसाराचे पुरावे आणा.'

"बँकेचे आणि घरभाड्याचे कागद मी काढते," इरावती म्हणाली आणि कामावर गेली.

भागवतने मामांना फोन लावला. मामांनी विषय अर्धाच ऐकून सल्ला दिला.

"संसार म्हणजे काय रे? भांडीकुंडी! माझ्या घरातला चमचासुद्धा नाव घातल्याशिवाय नाही. घरात असेल नसेल त्या प्रत्येक वस्तूवर दोघांचं नाव घाल. बघू कोण म्हणतो संसार खोटा!"

"बरं मामा. लक्षात ठेवतो."

भागवतने कारखान्यातून नाव घालायचं मशीन आणलं. कुर्र, कुर्र. ताटं झाली, वाट्या झाल्या, कढई झाली. पण मामा म्हणाले होते, प्रत्येक वस्तू. मग फ्रीज झाला. शेगडी झाली. न्हाणीघरातला नळ झाला. जिन्यात शेजारच्या आजींची सायकल उभी होती, तीही झाली. सगळ्यांवर एकच मजकूर, ठसठशीत: 'सौ. इरावती व श्री. भागवत ठोंबरे, मु. पो. पिंपळदरी.'

फ्रीज घरमालकाचा होता. शेगडीही. नळ तर होताच होता. घरमालक तासभर ओरडला. आजी ओरडल्या नाहीत. त्यांना नक्षी आवडली.

"अरे गाढवा," मामा फोनवर म्हणाले, "दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायच्या आधी मालकाला विचारायचं असतं!"

"बरं मामा. लक्षात ठेवतो."

मग कार्यालयाने दोघांचे फोटो मागितले. इरावतीने मैत्रिणीला बोलावलं, ठेवणीतली पैठणी नेसली आणि बागेत जाऊन उभी राहिली.

"भागवत, तिच्या खांद्यावर हात ठेव," मैत्रीण म्हणाली.

भागवतने हात उचलला आणि मध्येच थांबवला. मामा नेहमी म्हणायचे, मुलगी म्हणजे परक्याचं धन. परक्याचं, म्हणजे आपलं नव्हे. म्हणजे विचारायला हवं. त्याने सासऱ्यांना फोन लावला.

"बाबा, इरावतीच्या खांद्यावर हात ठेवू का?"

"ठेवा की जावईबापू!"

"डावा की उजवा?"

"अहो, कुठलाही ठेवा!"

"आणि आता ती म्हणतेय जरा जवळ ये. येऊ?"

सासऱ्यांनी फोन ठेवला. भागवतने परत लावला. चाळीस फोटो निघाले. चाळीसही फोटोंत भागवतच्या कानाला फोन होता.

पैठणीतली इरावती तापली. "मी धन? मी काय बँकेतली ठेव आहे, बाबांच्या सहीने मोडायला? माझी मालक मी! यापुढे जे विचारायचं ते मला विचार. समजलं?"

भागवतने मामांनाही विचारलं. मामी जवळच असाव्यात, कारण मामा हळू आवाजात म्हणाले, "बरोबर आहे तिचं. बायकोला विचारल्याशिवाय तोंड उघडू नये. मी तरी कुठे उघडतो?"

"बरं मामा. लक्षात ठेवतो."

मुलाखतीचा दिवस आला. टेबलापलीकडे जाड चष्म्याची एक अधिकारी बाई बसली होती. टेबलाच्या अलीकडे दोघं.

"आपलं नाव?" बाईने भागवतला विचारलं.

"थांबा हं, हिला विचारतो." भागवत वळला. "इरा, नाव सांगू?"

"सांग ना!" इरावती दात आवळून म्हणाली.

"भागवत ठोंबरे."

"जन्मतारीख?"

"इरा, जन्मतारीख सांगू?"

"लग्न तुम्ही स्वतःच्या इच्छेने केलंत?"

भागवत पुन्हा वळला. "इरा?"

बाईने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि कागदावर बरंच काही लिहिलं. म्हणाली, "पुढच्या आठवड्यात परत या. या वेळी वेगवेगळ्या खोल्यांत. तेवढी एकच संधी आहे."

व्हिसा संपायला वीस दिवस उरले होते. परतताना इरावती बसमध्ये खिडकीपाशी बसली. रागावली नाही. नुसती बाहेर बघत राहिली. भागवतने चारदा तिच्याकडे बघितलं. ती ओरडायची तेव्हा तो कधी घाबरला नव्हता. आता घाबरला.

घरी येताच त्याने मामांना फोन लावला.

"वेगळ्या खोल्या? मग तर सोपं आहे," मामा म्हणाले. "दोघांची उत्तरं जुळली म्हणजे झालं. ती जे सांगेल तेच तू सांग. अक्षर न् अक्षर!"

"बरं मामा. लक्षात ठेवतो."

भागवतने दोनशे पानी वही आणली. आठवडाभर तो इरावतीला प्रश्न विचारत होता आणि उत्तरं उतरवून घेत होता. जन्म कुठला, शाळा कुठली, सकाळी काय खातेस. मग येरझारा घालत पाठ करायचा. इरावतीला भरून आलं. नवरा आपला एवढा अभ्यास करतोय! तिने त्याला रोज खोबऱ्याची वडी दिली.

मुलाखत झाली. इरावती एका खोलीत, भागवत दुसऱ्या. बाईने कागद पुढे ओढला.

"जन्म कुठला?"

"इथलाच," भागवत म्हणाला. "गावातल्या मोठ्या दवाखान्यात."

बाईने त्याचा पासपोर्ट बघितला. पुन्हा भागवतकडे बघितलं. "काम काय करता?"

"सतरा नंबरची बस चालवतो."

"आणि तुमची बायको?"

वहीत हा प्रश्न जरा वेगळा होता. तिथे नवरा होता. भागवत अडला नाही. "वेल्डर आहे. हात सोन्याचा. डोक्याचं विचारू नका."

"सासूबाईंशी कसं काय?"

"फोनवर फार बोलतात. पण जीव लावतात."

"घरात घोरतं कोण?"

"तो घोरतो. त्याला सांगू नका, वाईट वाटेल."

बाई उठून शेजारच्या खोलीत गेली. बराच वेळ आली नाही. मग दार उघडलं आणि तिने दोघांना एकत्र बसवलं. भागवतला घाम फुटला होता. एकही उत्तर चुकलं नव्हतं, तरी फुटला होता.

"मी हिला शेवटी एकच प्रश्न विचारला," बाई म्हणाली. "तुमचा नवरा आता आत काय सांगत असेल? त्यावर ही काय म्हणाली, वाचते." तिने चष्मा सरळ केला. "'आठवडाभर माझीच उत्तरं पाठ करत होता. मला आज सकाळी जिना उतरताना लक्षात आलं, पण उशीर झाला होता. आत्ता तो तुम्हाला सांगत असेल, की तो बस चालवतो.'"

बाईने कागद खाली ठेवला.

"वीस वर्षं मी खोटी लग्नं पकडतेय," बाई म्हणाली. "खोट्या लग्नातली माणसं शहाणी असतात." आणि तिने शिक्का मारला.

इरावतीने तिथेच भागवतला मिठी मारली. भागवतने विचारलं, "मी पण मारू?" ती म्हणाली, "मार!" मग त्यानेही मारली.

दहा दिवसांनी टपालाने पीआर कार्ड आलं. गुळगुळीत, चकचकीत, कोपऱ्यात सोनेरी चिप. इरावती कामावर होती. भागवतने कार्ड उलटंसुलटं करून बघितलं, मग पुन्हा उलटंसुलटं करून बघितलं.

कार्डावर एकट्याचंच नाव होतं!

भागवतने एकेक गोष्ट आठवली. घरातल्या प्रत्येक वस्तूवर दोघांचं नाव हवं. पण विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. विचारायचं ते इरावतीलाच. आणि चालकाशी बोलायचं नाही. तो घड्याळ लावून बसला. बस शेवटच्या स्टॉपला पोचायची वेळ झाली, तेव्हा फोन केला.

"इरा, घरात एक वस्तू आलीय. नुसतं माझंच नाव आहे तिच्यावर. तुझंही घालू?"

इरावतीच्या बसच्या दारात सात माणसं तिकिटं धरून उभी होती. तिला वाटलं, सासूबाईंनी तांब्या धाडला असेल. नवऱ्याने आधी विचारलं, याचाच तिला केवढा आनंद झाला. "घाल रे माझ्या राजा! शहाणा झालास!"

कुर्र.

संध्याकाळी इरावतीने कार्ड उजेडात धरलं. 'सौ. इरावती' ठसठशीत आलं होतं. 'व' चिपच्या आरपार गेला होता. त्यातून पलीकडचा भागवत दिसत होता. तो हसत होता.

तिने मामांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "मामा! तुमच्या भाच्याने सरकारी कार्डावर मशीन चालवलंय! भोक पडलंय!"

मामा गंभीर झाले. "नाव कुणाचं घातलं?"

"माझं!"

"आणि तारीख?"

"कसली तारीख?"

"अरे गाढवा!" मामा कडाडले. "तारखेशिवाय कुणी नाव घालतं का? उद्या कुणी विचारलं, वस्तू कधीची, तर काय सांगशील?"

"बरं मामा," भागवत म्हणाला. "लक्षात ठेवतो."

इरावती फोनमध्ये तोंड घालून मामांना पुढची दहा मिनिटं सुनावत होती. जन्मभराचं सगळं सुनावलं. तेवढ्यात मागे पुन्हा कुर्र ऐकू आलं.

कार्डावर तारखेला जागाच उरली नव्हती. म्हणून भागवतने दोघांचे पासपोर्ट घेतले होते.