खणखणीत वाजलेली डिस्क

दोष आप्पांचा होता. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण खडकवणीच्या हँगरमध्ये ते कुणी तोंडाने बोलत नाही. माणूस म्हातारा, त्यात गुरू, म्हटलं की आपल्याकडे जिभेला कुलूप लागतं.

“…मग तुम्हीच सांगा ना, आप्पा. ही डिस्क वाईट आहे का?”

हर्षल बोरसे विचारत होता. त्याच्या हातात विमानाच्या ब्रेकची डिस्क होती. ताटलीएवढी, पोलादी, मधे भोक. ती चाकाबरोबर फिरते. तिला दोन्हीकडून चिमटा बसला की विमान थांबतं. नाही बसला तर थांबत नाही. एवढंच तिचं काम.

आप्पा हिंगमिरे हँगरच्या दारात लोखंडी खुर्चीवर बसले होते, उन्हाकडे तोंड करून. एके काळी त्यांच्या सहीशिवाय विमान हलत नसे. आता सही करत नाहीत. विमान उडवायला शिकवणाऱ्या या शाळेत मेकॅनिक पोरांना शिकवतात.

त्यांनी डिस्ककडे वळूनही पाहिलं नाही.

त्या आठवड्यात दिल्लीहून, विमान खात्याकडून, आदेश आला होता. अमुक कारखान्यात ओतलेल्या डिस्क सगळ्या काढा. पुढच्या उड्डाणाआधी काढा. दिसायला चांगल्या असल्या तरी काढा. आणि काढलेली प्रत्येक डिस्क त्याच दिवशी कापून टाका, म्हणजे कुणाला ती परत बसवायचा मोह होणार नाही.

नव्या डिस्क आल्या, पण एक कमी आली. एका विमानाचं एक चाक उघडं राहिलं. दुसऱ्या दिवशी मुलांची उड्डाणाची परीक्षा. मालक ऑफिसात येरझाऱ्या घालत होता.

हर्षलचं म्हणणं सरळ होतं. ही जुनी डिस्क आपण वाजवून पाहिली, खणखणीत आहे, तीच बसवू, नवी आली की बदलू. आणि त्याच्याबरोबर काम करणारी शमीम मुलाणी ती बसवू देत नव्हती. आप्पा एकदा हो म्हणाले असते तर शमीमचं तोंड बंद झालं असतं.

त्याला विमान उडवायचं नव्हतं. त्याला शमीमचं तोंड बंद करायचं होतं.

ते का, ते सांगतो.

आप्पांचा कान प्रसिद्ध होता. पितळी हातोडीने डिस्कवर हलकी टिचकी मारायची आणि आवाज ऐकायचा. नाद लांब गेला तर डिस्क चांगली, मधेच मेला तर आत तडा. भिंग, मोजमाप, सगळं रीतसर व्हायचंच. पण हँगरचा जीव हातोडीत होता. पोरं आप्पांसमोर डिस्क वाजवायची. आप्पा विचारायचे, “कसं वाटलं?” मग मान हलवायचे किंवा नाही हलवायचे.

खंडेनवमीला हँगरमध्ये हत्यारांची पूजा होते. पान्यांना हळद-कुंकू लागतं, विमानाच्या पंख्याला झेंडूची माळ. दोन वर्षांपूर्वीच्या पूजेत आप्पांनी ती पितळी हातोडी उचलली आणि शमीमच्या हातात दिली.

सगळ्यांनी हर्षलकडे पाहिलं. हर्षलने पेढा खाल्ला.

शमीम आली तेव्हा हर्षल तिथे जुना झाला होता. आप्पांचा डबा तो आणायचा. डोळ्याच्या ऑपरेशनला त्यांना मोटरसायकलवर बसवून तोच घेऊन गेला. आणि हातोडी कुणाला, तर काल आलेल्या पोरीला. तेव्हापासून त्याला तिचं सगळं खुपायचं. तिचा चहाचा पेला आप्पांच्या पेल्याशेजारी का. “जेवलीस का गं?” हे आप्पा तिलाच का विचारतात. तिने बोल्ट पहिल्या झटक्यात सोडवला की तो तोंड फिरवायचा. नाही सुटला की बरं वाटायचं, आणि मग तोच जाऊन सोडवून द्यायचा.

हेही आप्पांना दिसत होतं. दोन पोरांच्या मधे हातोडी ठेवायची आणि स्वतः उन्हात बसायचं. याला आपण गुरूची परीक्षा म्हणतो. मी आळस म्हणतो.

“शमीम काय म्हणते?” आप्पांनी शेवटी विचारलं.

“म्हणते, ऑर्डर आहे.”

“तिने वाजवून पाहिली?”

“नाही. हातोडी तिच्याकडे, आणि ती वाजवत नाही. देवळाची किल्ली मिळाली म्हणून देऊळच बंद.”

विमानाच्या पंखाखाली शमीम उघड्या चाकाला प्लास्टिक बांधत होती. तिला ऐकू गेलं. तिने गाठ मारली.

“हातोडी आण,” आप्पा म्हणाले.

हर्षल तिच्यापाशी गेला आणि तोंडाकडे न बघता हात पुढे केला. शमीमने खिशातून हातोडी काढून दिली.

“घ्या दादा. परत नाही दिलीत तरी चालेल.”

हर्षलने डिस्क बोटावर टांगली आणि टिचकी मारली. नाद निघाला, पत्र्याच्या छतापर्यंत गेला. तुळईवरची चिमणी उडाली.

“कसं वाटलं?”

“आरतीच्या घंटेसारखं.”

“हं… आता माझ्या मागे जा. तिथून वाजव. मी बघणार नाही.”

आप्पांनी उन्हाकडे तोंड केलं आणि डोळे मिटले.

हर्षल खुर्चीमागे गेला. त्याने वाजवली. तोच नाद. शमीमने मान वर केली. मालकसुद्धा ऑफिसच्या दारात आला.

आप्पा हलले नाहीत.

हर्षलला वाटलं, नीट ऐकतायत. त्याने पुन्हा वाजवली, जरा जोरात.

…

“वाजव की रे,” आप्पा म्हणाले. “कशाची वाट बघतोस?”

हर्षलच्या बोटावर डिस्क अजून गुणगुणत होती.

तो पुढे आला. आप्पांच्या समोर उभा राहिला.

“आप्पा… वाजवली मी.”

“बरं.”

“दोनदा वाजवली.”

“बरं.”

“तुम्हाला…”

“तू बोलतोस ते ऐकू येतं. पावलं येतात. कावळा येतो. लोखंडाचा नाद येत नाही.”

मालक दारातून आत निघून गेला. असल्या वेळी मालक लोक आत निघून जातात.

हर्षल लाल झाला. इतकी वर्षं पोरं या माणसासमोर डिस्क घेऊन उभी राहिली होती. कुणी मान हललेली बघून रात्री सुखाने झोपलं होतं, कुणी न हललेली बघून रडलं होतं. त्याने हे सगळं बोलून दाखवलं, आवाज न चढवता, आणि ते बरं केलं. आप्पांनी ऐकून घेतलं. माझा कान चांगला आहे असं मी कधी म्हणालो नव्हतो, एवढंच ते म्हणाले. खरं होतं. आणि नाही असंही ते कधी म्हणाले नव्हते. दंतकथा फुकट मिळाली की म्हातारी माणसं ती शालीसारखी खांद्यावर घेतात आणि थंडीच्या नावाने काढत नाहीत.

“मग हातोडी हिला का दिलीत?” हर्षलने विचारलं. खरा प्रश्न हाच होता. डिस्कचा नव्हता. “हिचा कान माझ्यापेक्षा चांगला हे तुम्हाला कसं कळलं?”

“कानाचं मला काय कळणार?”

“मग?”

“ती वाजवते आणि डिस्ककडे बघत बसते.”

आप्पांनी हर्षलकडे पाहिलं.

“तू वाजवतोस आणि शमीमकडे बघतोस.”

हर्षलने नजर डिस्कवर आणली.

मग आप्पांनी सबनीसची गोष्ट सांगितली. ती त्यांनी आधी कुणालाच सांगितली नव्हती. सांगायला हवी होती.

सबनीस आणि आप्पा एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले. उस्ताद आप्पांच्या कानाचं कौतुक करायचा. सबनीसला कान नव्हता. त्याला घंटा आणि घमेलं सारखंच, असं उस्ताद सगळ्यांसमोर म्हणायचा, आणि सबनीससुद्धा हसायचा. पुढे सबनीस परीक्षा देत गेला आणि दिल्लीला खुर्चीवर बसला. आप्पा माळावर राहिले. सबनीसचं लग्न, सबनीसची गाडी, सबनीसचं क्वार्टर, सगळ्या बातम्या यायच्या. आप्पा म्हणायचे, छान झालं. त्या रात्री जेवण जायचं नाही.

एक दिवस दिल्लीहून आदेश आला. असाच, ब्रेकच्या डिस्कचा. हातोडीवर विश्वास ठेवू नका, असं त्यात लिहिलं होतं. या डिस्क थंड असताना खणखणीत वाजतात. उतरताना ब्रेक तापला की धातू तडकतो. म्हणून वाजवत बसू नका, सरसकट बदला.

खाली सबनीसची सही.

आप्पा हँगरभर ऐकू जाईल असं हसले होते. ज्याला ऐकू येत नाही त्याने लिहावं, की ऐकू नका.

“डिस्क कमी पडली होती?” शमीमने विचारलं.

“नाही. नवी डिस्क फळीवर होती. खोक्यातून काढलीसुद्धा नव्हती.”

“मग का नाही बदलली?”

“त्याची सही होती म्हणून.”

बाकीच्या डिस्क आप्पांनी बदलल्या. एक ठेवली. मीच खरा, हे स्वतःपुरतं कळावं म्हणून एक. त्या हँगरची रीत होती, चाक ज्याने पास केलं त्याने पहिल्या उड्डाणाला शेजारच्या सीटवर बसायचं. आप्पा बसले. ऐटीत बसले. विमान उतरलं, धावपट्टीवर टेकलं, शिकाऊ पोराने ब्रेक दाबला. डावीकडची डिस्क फुटली. एक चाक धरलं, एक धरलं नाही. विमान गरकन फिरून पट्टीबाहेरच्या दगडी बांधावर गेलं. पोरगा खरचटून बाहेर आला. आप्पांचं डोकं दारावर आपटलं होतं.

“ती वाजली होती?” हर्षलने विचारलं. त्याचा आवाज आता बारीक झाला होता. “बसवण्याआधी?”

“तिच्याइतकी सुंदर वाजलेली डिस्क मी आयुष्यात ऐकली नाही.”

…

“शेवटची तीच.”

हर्षल बराच वेळ डिस्ककडे बघत उभा राहिला. कुणी सांगायच्या आधी त्याने ती बाकावरच्या शिकंज्यात अडकवली आणि लोखंड कापायची करवत घेतली. पोलाद होतं, सहज जाईना. थोड्या वेळाने शमीम आली आणि तिने दुसरी बाजू दाबून धरली. त्याने नको म्हटलं नाही. करवतीचा आवाज दात आंबवणारा होता. आप्पा शांत बसले होते.

ऑफिसात मालक फोनवर कुणाला तरी परीक्षा पुढे ढकलायला सांगत होता, आणि मधेमधे कपाळाला हात लावत होता.

डिस्कचे दोन तुकडे झाले. हर्षलने भिंग आणलं, कापलेली कड बघितली, मग सगळा पृष्ठभाग. शमीमनेही बघितलं. तडा नव्हता. कुठेच नव्हता.

“चांगली दिसते, आप्पा.”

“असेल.”

“उगाच कापली.”

“असेल.”

हर्षलने हातोडी शमीमपुढे धरली. तिने घेतली नाही. तिने तुकडे भंगारच्या पेटीत टाकले आणि विमानाकडे गेली. हातोडी बाकावर राहिली.

हर्षल मात्र जाईना. त्याला अजून एक गोष्ट हवी होती. जो जळतो त्याला ती नेहमी हवी असते. दुसरा माणूस शेवटी हलकट निघाला, एवढं त्याला ऐकायचं होतं.

“मग सबनीस?” त्याने विचारलं. “हसला असेल तो. तुम्हाला नोटीस पाठवली असेल.”

“नोटीस आली. लायसन गेलं. ते त्याचं कामच होतं.”

“आणि तो?”

आप्पांनी खुर्ची थोडी सावलीत ओढली.

“तो स्वतः आला. दवाखान्यात माझ्या उशाशी बसला आणि खूप वेळ बोलला. मधे डोळे पुसले त्याने. तेव्हा मला कशाचाच आवाज येत नव्हता. माणसांचं बोलणं परत ऐकू यायला लागलं, तोवर तो वारला होता.”

…

“काय बोलला, ते मला माहीत नाही.”