मुंगसाचं भोक

“आणि हे भिंतीतलं भोक कशाचं?” भन्ते धम्मरतन यांनी विचारलं.

“मुंगसाचं, भन्तेजी.” प्रफुल्ल रामटेके खुलला. “नाल्याकडून येतं. सरडे, बेडूक, सगळ्यांना ये-जा करता यावी म्हणून मुद्दाम ठेवलं. उभ्या नागपुरात कुठल्या कचेरीला असं भोक दाखवा.”

वीस मजल्यांची काचेची इमारत, आणि तिच्याभोवतीची ही बाग प्रफुल्लनं आखलेली. करंज, पळस, बहावा, बेडकांना डबकं. ‘सर्वांसाठी खुली’ असा बोर्ड. घाम गाळला होता माणसानं, खोटं कशाला बोला? पण छाती फुगली होती ती फुगलीच होती. ज्यांच्या विहारात लहानपणी दर रविवारी बसून हा शहाणा झाला, ते भन्ते भिंतीपलीकडच्याच वस्तीत राहणारे. त्यांना यानं आणलं ते गाडी पाठवून, मोठा वळसा घालून.

“आणि हे गेट?”

भोकाला लागूनच लोखंडी गेट होतं. कुलूपबंद.

प्रफुल्लनं घसा खाकरला. “त्याचंच विचारायचं होतं. वस्तीतल्या बायापोरांनी यावं, सावलीत टेकावं, म्हणून मीच ठेवलं. आता कंपनीवाल्यांनी कुलूप घातलं. म्हणतात, घाण होते, भिंत घाला. उद्या माझी सही पाहिजे त्यांना. नाही म्हटलं तर पुढचं काम गेलं... तुम्हीच सांगा. ठेवू, की बुजवू?”

भन्तेंनी काखेतलं भिक्षापात्र सावरलं आणि पुढच्या मोठ्या दारानं बाहेर पडले.

“रागावले काय साहेब?” वॉचमननं विचारलं.

“मला काय विचारतोस?” प्रफुल्ल खेकसला.

वैशाखातलं ऊन. म्हातारा माणूस, पायी...

बऱ्याच वेळानं भोकात खरखर झाली. मुंगूस असेल म्हणून प्रफुल्ल वाकला.

भोकातून भिक्षापात्र आत आलं. मागोमाग कोपरापर्यंत हात.

“भन्तेजी! काय करता हे?”

“आत येतोय.”

“अहो, इथून माणूस मावत नाही.”

“वाट तर एवढीच उघडी आहे.”

“पुढच्या दारानं या ना.”

“तिथून तुझे पाहुणे येतात. मी वस्तीतून आलोय.”

पलीकडून एका बाईचा आवाज आला. “मंजुळाचा पोट्टा हाये ना तिकडे? अरे, भन्तेजी उन्हात बसले हायेत, दिसत नाही का तुले?”

आईचं नाव निघालं तसे प्रफुल्लचे कान तापले. वॉचमनच्या हातातून त्यानं किल्ली ओढली आणि गेट सताड उघडलं.

बाहेर भन्ते गुडघे झटकत उभे राहत होते. मागं बाया, पोरं, एक कुत्रं.

“भिंत होत नाही,” प्रफुल्ल म्हणाला. “सही देत नाही मी. काम जाऊ दे गेलं तर... या भन्तेजी. या सगळे, आत या.”

कुणी हललं नाही. बाया एकमेकींकडे बघत राहिल्या.

भन्तेही जागचे हलले नाहीत.

“आधी तू बाहेर ये,” ते म्हणाले.