बांधाखालचा पावसाळा

खाणीचा धुतलेला गाळ आणि त्याचं पाणी अडवायला कंपनी गावाच्या वरच्या अंगाला बांध घालणार होती. परवानगीआधीच्या सुनावणीत मॅनेजर छाती फुगवून म्हणाले, "थेंबभर पाणी झिरपणार नाही!"

सारजाबाई कापगते उठल्या. "साहेब, तुमचे क्वार्टर कुठं?"

"टेकडीवर. हवा झकास!"

"आमच्या गावात बांध घालणारा पहिला पावसाळा बांधाखालीच बिऱ्हाड करते. तुम्हीही क्वार्टर खाली आणा, आमचा विरोध संपला!"

मॅनेजर नकाशा गुंडाळू लागले. परवानगी तिथंच अडली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

सारजाबाईंचे हात मात्र उठले नाहीत. गावाजवळ आधी आलेल्या जुन्या खाणीच्या वेळी हेच सुचलं असतं, तर सासऱ्यांनी जो तलाव बांधून त्याच्या बांधाखाली असा पहिला पावसाळा काढला, तो आज त्या खाणीच्या काळ्या गाळानं बुजला नसता.