झऱ्याचा निवाडा

माणसांची पायवाट अजून पोचली नव्हती अशा एका रानात एकच झरा होता, आणि तो बुजत चालला होता. वानरं म्हणत, "डुकरांनी लोळून चिखल केला." डुकरं म्हणत, "वानरांनी फांद्या हलवून पाला पाडला." ज्याची चूक त्यानंच झरा उपसायचा, असा रानाचा रिवाज. त्यामुळे अस्वलपंचांपुढे रोज भांडण चाले आणि पाणी रोज बोटभर खाली जाई.

साळू नावाच्या साळिंदरीला या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला तहान लागली होती. एका सकाळी ती सरळ चिखल उकरू लागली.

"कुणी सांगितलं तुला?" दोन्हीकडून ओरडा झाला.

"कुणीच नाही," साळू म्हणाली.

मग तर नक्कीच काहीतरी डाव असणार! तिनं घाण आपल्या बाजूला टाकू नये म्हणून डुकरांनी एक म्हातारा डुक्कर पहाऱ्याला बसवला, वानरांनी एक म्हातारी वानरीण. घटकाभरानं डुकराला राहवेना. "अगं साळूबाई, असं उकरतात होय? सर बाजूला!" म्हणत त्यानं नाक खुपसलं. "याला मेल्याला पाला कुठं काढता येतोय," म्हणत वानरीणही उतरली. त्यांना बघून बाकीचे आले.

दुपारी अस्वलपंच आले, तर सगळे चिखलानं माखलेले. कोण डुक्कर, कोण वानर, काही कळेना. पंचांनी घसा खाकरला. "वादी कोण? प्रतिवादी कोण?"

"ते नंतर बघू, पंच," डुक्कर आणि वानरीण एकदमच म्हणाले. "आधी हा धोंडा धरा."

पंचांनी धोंडा धरला. खालून झुळझुळ पाणी आलं. निवाडा मात्र अजून व्हायचाच आहे.