कडू मिठाचं पान

एका राज्यात मीठ कडू होतं.

आमटी कडू, भाकरी कडू, राजाच्या सोन्याच्या ताटातलं पक्वान्नही कडू. पण सात पिढ्यांनी तेच खाल्लेलं, त्यामुळे कुणाला ते कडू लागत नसे.

त्या राज्याची एक रीत होती. वर्षातून एकदा, भर दुपारी, सोळावं लागलेली मुलं दरबारात येत. राजाचा पत्तेदार गंजिफांचा, म्हणजे गोल पत्त्यांचा, पंखा पालथा धरी आणि मूल एक पान उचली. घोडा निघाला तर शिपाईगिरी. तराजू निघाला तर पेठ. पोथी निघाली तर डोंगरांपलीकडचं विद्यापीठ. आणि मीठ निघालं तर जन्मभर मिठागर. मिठागरात गेलेल्याचा आवाज वर्षभरात विरघळून जाई. पत्तेदाराच्या खांद्यावर एक साळुंकी बसे. पान उचललं की ती म्हणे, "तुझा हात, तुझं पान!" खाडीपल्याडच्या मुलांना नेहमी मीठच निघे. पण हात त्यांचाच, मग रडायचं कुणापाशी?

केतकी खाडीपल्याडची. नऊ वर्षांपूर्वी तिला पोथी निघाली, तेव्हा वस्तीनं घरोघर दिवे लावले. त्याच दुपारी तिच्या जुळ्या भावाला, सोनबाला, मीठ निघालं. दिवे कुणी विझवले नाहीत.

ती शिकून परतली त्या दिवशी आईनं माशाचं कालवण वाढलं. पहिल्याच घासाला केतकीनं तोंड वाकडं केलं.

"आई, मीठ कडू आहे."

"मीठ कडूच असतं, बाई. बाहेरचं खाऊन जीभ शेफारली तुझी."

धाकटी बकुळा हसली. "थांब जरा, ताई. चार दिवसांत आम्हीही कडू लागू तुला."

बकुळाला सोळावं लागलं होतं. पौर्णिमेला पान उचलायची पाळी तिची होती.

केतकीनं विद्यापीठात वाचलं होतं, की निवडीत खोट शिरली म्हणजे मीठ कडू होतं. आणि पत्तेदाराच्या मर्जीवाचून एक पान जरी उचललं गेलं, तरी ते पुन्हा खारट होतं. ती तडक पत्तेदार काशबाकडे गेली. म्हातारा ओसरीवर बसला होता. त्याची सात बोटं मिठाची झाली होती.

"मला ही विद्या शिकवा," ती म्हणाली.

"कशाला?"

"न्यायासाठी."

काशबा खोकला लागेपर्यंत हसला. "मीही त्याचसाठी शिकलो होतो, पोरी. बस. तीन परीक्षा आहेत."

पहिली परीक्षा बगळ्याची. टोपलीत शंभर मासे, एकाच्या शेपटीला लाल दोरा. बगळ्यानं तोच उचलायला हवा. "मासा पुढे करू नकोस," काशबा म्हणाला. "चोच येईल तेव्हा तो तिथं असू दे. आधी नाही, मागून नाही." केतकी टोपली फिरवत राहिली. सातव्या दिवशी चोच आली आणि लाल दोरा तिथं होता. बगळा ऐटीत उडून गेला. केतकीच्या करंगळीचं एक पेर मिठाचं झालं.

दुसरी परीक्षा वेताळाची. विहिरीवरच्या पिंपळातून त्याला हलवायचं होतं. "दोन वस्तू दाखव," काशबा म्हणाला. "त्याचं बोट कुठेही पडो, अर्थ तू लावायचा. आवाज मात्र दोन्ही वेळा सारखाच." केतकी झाडाखाली उभी राहिली. "वेताळराव, हा पिंपळ आणि तो वड. एकावर बोट ठेवा." वेताळानं पिंपळावर ठेवलं. "मग पिंपळ सोडलात," ती शांतपणे म्हणाली. वडावर ठेवलं असतं, तर 'मग वडावर राहायला जा' असं म्हणाली असती. वेताळ बिऱ्हाड घेऊन वडावर गेला. जाताना म्हणाला, "मला कुणी काही सांगितलेलं चालत नाही!" केतकी खूप हसली. दुसरं पेर मिठाचं झालं.

तिसरी परीक्षा सांगताना काशबानं मान खाली घातली. "जे माणूस तुझ्यावर विश्वास टाकतं, त्याला पानं कापायला दे. कापून झालं की एक प्रश्न विचार. असा, की ते उत्तरात बुडून जाईल. तेवढ्यात आपण कुठं कापलं ते विसरतं. मग तुला हवं ते पान उलट."

केतकीनं आईपुढं पानं ठेवली. आईनं कापली. केतकीनं विचारलं, "आई, मी गेले त्या दिवशी तू काय रांधलं होतंस?"

आईचे डोळे भरले. "काही नाही, बाई. पीठ मळलं होतं, ते तसंच राहिलं. सोनबाही गेला, तूही गेलीस. बकुळा म्हणाली, आई, दोन ताटं कमी मांडायची का?"

केतकीनं पान उलटलं. सूर्य, गंजिफांतलं शुभ पान. आई डोळे पुसून हसली. "सूर्य निघाला! म्हणजे बकुळेचं चांगलं होणार."

तिसरं पेर मिठाचं झालं.

काशबानं ते पेर पाहिलं. "आता ऐक. नऊ वर्षांपूर्वी पंखा मीच धरला होता. सोनबाला मीठ मी दिलं, आणि तुला पोथीही मीच दिली. राजाला कुणीतरी दाखवायला लागतं, की पाहा, खाडीपल्याडच्यांनाही पोथी निघते."

केतकीनं पानं गोळा करून हातात घेतली. मग म्हणाली, "पौर्णिमेला पंखा मी धरीन."

राजा खूश झाला. "खाडीपल्याडची पत्तेदारीण! आता तर कुणी तक्रार करायला नको."

पौर्णिमेच्या दुपारी बकुळा पुढे आली. पोथीचं पान केतकीच्या अंगठ्याखाली तयार होतं. चोच येईल तेव्हा मासा तिथं असणार होता. बकुळानं पानांकडे पाहिलंच नाही; ती बहिणीच्या तोंडाकडे पाहत होती, पानं कापताना आई पाहत होती तशीच. साळुंकी म्हणाली, "तुझा हात..."

केतकीनं पंखा मिटला आणि सारी पानं जमिनीवर मांडली. पालथी नव्हे, उघडी.

"हे काय?" राजा गरजला.

"निवड, महाराज."

बकुळानं विचारलं, "कुठलंही?"

"कुठलंही."

बकुळाचा हात घोड्यावरून पुढे गेला, पोथीवरून पुढे गेला, आणि तिनं मीठ उचललं.

"बकुळे, वेड लागलंय का तुला?"

"तू नव्हतीस, ताई. नऊ वर्षं मी दादाला बांधावरून भाकरी नेते. त्याला बोलता येत नाही. त्याच्या खुणा मला एकटीला कळतात. तू माझ्यासाठी पोथी ठरवली असशील. मला विचारलंस?"

साळुंकीनं चोच उघडली आणि मिटली. काशबाची बोटं हाडामांसाची झाली. राजाच्या ताटातलं मीठ खारट झालं. आणि खाडीपल्याडून, मिठागरांतून, शेकडो माणसांचा आवाज एकदम आला: "मी निवडलं नव्हतं!"

राजानं खिडक्या लावायला सांगितल्या. आवाज भिंतींतून आला.

उरलेल्या मुलांनीही पानं उघडी मागितली, आणि एकानंही मीठ उचललं नाही. आता मीठ काढणार कोण? शेवटी राजाला हुकूम काढावा लागला, की घरटी एक माणूस, राजवाड्यासकट, पाळीपाळीनं मिठागरात जाईल. रीत सरळ झाली. राज्य जेवू लागलं.

सोनबाचा आवाज परतला, पण त्याला ते एकच वाक्य येत होतं. दिवसभर तो तेच म्हणे. बाकीचं अजूनही खुणांनी सांगे, आणि त्या कळायला बकुळा मिठागरात त्याच्याजवळ होती.

केतकीची दोन पेरं बरी झाली. तिसरं मिठाचंच राहिलं. तिनं ते आईपुढं धरलं.

"आई, तो सूर्य तू कापला नव्हतास. मी फसवलं तुला."

"ठाऊक आहे, बाई. मी कापला तो गठ्ठा जाड होता, तू उलटलास तो पातळ."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस ना, काय रांधलं होतं म्हणून. नऊ वर्षं कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, सांगून तरी घ्यावं."

आईनं ताट वाढलं. कालवण खारट होतं. दोघी जेवल्या. शेजारी सोनबाचं आणि बकुळेचं, अशी दोन ताटं मांडलेलीच होती, रिकामी.

कहाणी खाडीला मिळाली. मीठ ज्याचं त्याच्या जिभेवर.