जिकडे बाण तिकडे वाइनरी

डोंगरांच्या मध्ये नदीचं एक खोरं होतं. खोऱ्यात मोहखोरे नावाचं गाव होतं आणि त्या गावात लहानू नावाचा एक भोळा माणूस राहायचा. सांगितलेलं काम तो सांगितल्याप्रमाणे करायचा. अगदी तसंच. अशी माणसं आता फार उरलेली नाहीत, आणि ज्यांनी लहानूला कामाला ठेवलं होतं ते म्हणायचे, ते बरंच आहे.

लहानू आबासाहेबांच्या वाइनरीत कामाला होता. जेवायला मात्र वहिनीच्या खानावळीत. वहिनी म्हणजे सरूबाई, थोरल्या भावाची बायको. भाऊ ट्रकवर असायचा. खानावळीत बाकं आठ होती आणि रोजचं गिऱ्हाईक एक. तो लहानू, म्हणजे घरचाच.

एक दिवस आबासाहेबांना गावाचा विकास करावासा वाटला. त्यांना तसं अधूनमधून वाटायचं. त्यांनी शहरातल्या सायकल क्लबला बोलावलं. सत्तर सायकलस्वार दोन घाट चढून, द्राक्षबागांमधून, नदीच्या काठाने येणार होते. क्लबच्या कर्णिक बाईंना रस्ता आवडला की तो त्यांच्या मार्गपुस्तकात छापला जाणार होता. आणि एकदा छापला की दर रविवारी पाहुणेच पाहुणे.

मोठा फलक लागला. ‘सफर खोऱ्याची, सोबत गावाची.’ फलकावर डावीकडे आबांचा हसरा चेहरा, उजवीकडे डोक्यावर पदर घेऊन भाकरी थापणारी सरूबाई.

गाव फलकावर होतं. मार्गावर नव्हतं. घाट उतरला की एक फाटा लागायचा. उजवीकडे मोहखोरे, डावीकडे वाइनरी. आबांनी मार्ग डावीकडून नेला. गावाचा रस्ता फार खराब आहे, असं ते म्हणाले. तो रस्ता बांधण्याचं काम त्यांच्याकडेच होतं, त्यामुळे त्यांना पक्की माहिती होती.

सरूबाईला हे कुणी सांगितलं नाही. आबा तिला म्हणाले, “तयारीत राहा, सरूबाई. पाहुणे येणार आहेत.” पाहुणे येणार होतेच. कुठे, ते तिने विचारलं नाही.

“भाऊजी,” ती लहानूला म्हणाली, “या रविवारी पाहुणे जेवले तर खानावळ चालली. नाही जेवले तर कुलूप लावते आणि पॅकिंगच्या कामाला जाते बघा. मग तुमचं तुम्ही करून खा.”

लहानूने याआधी एकदा स्वतःचं स्वतः करून खाल्लं होतं. त्याला ते आठवलं आणि तो गंभीर झाला.

सोमवारी आबांनी त्याला चुन्याची बादली दिली. “रस्त्यावर बाण काढ. वळण आलं की बाण. पाहुणा चुकला नाही पाहिजे.”

“कळलं, आबा,” लहानू म्हणाला.

घाटाला एकतीस वळणं होती. लहानूने एकतीस बाण काढले. घाटात एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी, त्यामुळे चुकायचं म्हटलं तरी सोय नव्हती. फाट्यावर त्याने बाण काढला नाही. तिथे रस्ता सरळ येतो आणि फुटतो. वळण कुठे आहे?

मंगळवारी क्लबची दोन पोरं रस्ता बघायला आली. घाट ती बिनचूक उतरली. फाट्यावर पाचव्या मिनिटाला त्यांनी नाणं उडवलं आणि शेतातल्या वाटेने धरणावर गेली.

आबा म्हणाले, “अरे गाढवा, वळणावर कशाला? जिथे एकाचे दोन फुटतात तिथे बाण काढायचा. एकाचे दोन!”

“कळलं, आबा,” लहानू म्हणाला. आणि त्याला खरंच कळलं होतं.

त्याने फाट्यावर डावीकडे झकास बाण काढला. बुधवारी त्याला खायच्या द्राक्षांच्या बागेत पाठवलं. तिथे त्याने पाहिलं तर काय, प्रत्येक वेलाचे खाली एकाचे दोन फुटलेले. वर पुन्हा दोनाचे चार. लहानू बिचारा जेवायलाही गेला नाही. संध्याकाळपर्यंत दोन एकर बागेत प्रत्येक बेचक्यावर पांढरा बाण होता, आणि सगळे डावीकडे.

“वेलाला कुणी रस्ता दाखवतं का?” आबा ओरडले. “इथे घड उन्हाने करपायला लागलेत! उन्हात उघडं दिसलं की त्याला कागद गुंडाळायचा. एवढं साधं तुला कळत नाही?”

“आता कळलं, आबा.”

मुकादमाने रद्दीचे गठ्ठे दिले. लहानूने घड गुंडाळले. एकही सुटला नाही. आबा बघून गेले आणि प्रथमच ‘शाब्बास’ म्हणाले. तिथेच चूक झाली. लहानूकडे गठ्ठे उरले होते आणि हुरूप आला होता.

शुक्रवारी सकाळी घाटापासून वाइनरीपर्यंतची एकूण एक पाटी वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. ‘पुढे उतार आहे’ ही पाटी शेतीच्या पुरवणीत. ‘सावकाश चला’ छोट्या जाहिरातींत. आणि मोठ्या फलकावर आबांचा चेहरा गळ्यापर्यंत कागदात, वर सुतळीची गाठ. सरूबाई मात्र शेजारी आरामात भाकरी थापत होती.

“माझं तोंड झाकलंस आणि तिचं ठेवलंस?” आबा फलकाखाली उभे राहून ओरडले.

“वैनीच्या डोक्यावर पदर आहे की,” लहानू म्हणाला. “तुम्ही बोडके होतात. करपला असतात.”

आबांनी स्वतःच्या हाताने स्वतःचं तोंड उघडं केलं. “नीट ऐक. पाहुण्यांपासून आपण काही झाकून ठेवत नसतो! आपला कारभार कसा उघडा असतो. जो विचारेल त्याला सगळं सांगायचं.” हे वाक्य ते दर सभेत म्हणत. त्यावर आजवर कुणी काही केलं नव्हतं.

“कळलं, आबा,” लहानू म्हणाला.

शनिवारी वाइनची रंगीत तालीम होती. शहरातून एक तज्ज्ञ आले होते. त्यांनी घोट घेतला, गालात घोळवला, आणि चांदीसारख्या चकचकीत बादलीत थुंकला. लहानूला वाईट वाटलं. त्याने तज्ज्ञांच्या हातातला पेला घेतला, पिऊन टाकला आणि म्हणाला, “एवढी काही वाईट नाहीये, साहेब.”

“गिळायचं नाही रे!” आबांनी त्याला कोपऱ्यात घेतलं. “अडाण्यासारखं गिळायचं नाही. पाहुण्याने तोंडात घ्यायचं, घोळवायचं, थुंकायचं. हीच रीत आहे.”

लहानूला रीत नवीन होती, पण आबांचा शब्द होता. “कळलं, आबा.”

रविवार उजाडला. लहानूला फाट्यावर उभं केलं. पाण्याचे माठ, पेले आणि ती चकचकीत बादली, कारण साधी बादली सापडली नाही. “पाहुणे आले की पाणी दे आणि बाणाकडे बोट दाखव,” आबा म्हणाले. “गावाकडे एकही जाता कामा नये.”

दहाच्या सुमाराला सत्तर सायकलस्वार घाट उतरून आले. घामाने थबथबलेले. सगळ्यांत पुढे कर्णिक बाई. साठीच्या, सडसडीत. लहानूने अदबीने पेला पुढे केला. बाईंनी तोंडाला लावला.

“गिळू नका!” लहानू ओरडला.

बाई जागीच थांबल्या. गाल फुगलेले.

“घोळवा,” लहानू म्हणाला. “आता इथे थुंका.”

खराब पाणी असेल या भीतीने बाई थुंकल्या. मागच्या एकोणसत्तर जणांनीही चुळा भरल्या. माठ संपले. एकाच्याही घशाखाली थेंब उतरला नाही.

“अहो, पाण्याला झालंय काय?” बाईंनी विचारलं.

“काही नाही. विहिरीचं गोड पाणी आहे. पण पाहुण्यांनी गिळायचं नसतं. अडाणी लोक गिळतात.”

“मग प्यायचं पाणी मिळेल कुठे? आणि खायला काही? त्या फलकावर एक बाई भाकरी करताना दिसतात, त्या कुठे असतात?”

विचारलं तर सगळं सांगायचं होतं. लहानूने सांगितलं. “ती माझी वैनी. उजवीकडे, अर्ध्या कोसावर. सत्तर जणांचा स्वयंपाक करून बसलीय. पण तुम्हाला गावाकडे जाऊ द्यायचं नाही असं आबांनी सांगितलंय. रस्ता खराब आहे. तोही त्यांनीच केलाय.”

कर्णिक बाईंनी डावीकडच्या बाणाकडे पाहिलं. मग उजवीकडे सायकल वळवली. सत्तर सायकली खड्ड्यांतून खडखडत गावात शिरल्या.

सरूबाईने आधी पाणी दिलं. मग काळ्या मसाल्याची आमटी, बाजरीची भाकरी, खरडा. आठ बाकं पुरली नाहीत, लोक ओट्यावर, पायरीवर, पाराच्या कट्ट्यावर बसले. लहानू धावतपळत आला आणि प्रत्येकाला सांगत सुटला, “थुंका! गिळू नका!” कुणीही ऐकलं नाही. शिकलेली माणसं अशी अडाण्यासारखी गिळताना पाहून त्याला आबांच्या वतीने फार लाज वाटली.

बारा वाजता आबा जीप घेऊन आले. समोर कर्णिक बाई, दुसरी भाकरी चालू.

“आबासाहेब, गाव दाखवायची कल्पना छान!” बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तिखट होतं, खरड्याचं असावं. “पुस्तकात मार्ग इथूनच छापते. मुक्काम सरूबाईंची खानावळ. फाट्यावरचा बाण मी स्वतः रंगवून जाणार आहे.”

“माझीच कल्पना,” आबा म्हणाले. क्लबचे कॅमेरे चालू होते.

बाईंनी चुना पुसला, पक्क्या तैलरंगाने उजवीकडे बाण काढला आणि त्याचा फोटोही काढला. पुढच्या रविवारी चाळीस जण येणार, असं सरूबाईला सांगून त्या गेल्या.

सरूबाईने कुलूप फडताळात टाकलं. आबांनी लहानूला धरलं.

“बाण इकडे आणि वाइनरी तिकडे! आता बाणाला हात लावता येत नाही, फोटो गेलाय. पण ते मला माहीत नाही. जिकडे बाण, तिकडे माझी वाइनरी पाहिजे! रविवारच्या आत!” त्यांना म्हणायचं होतं, एक पाटी लाव.

लहानूने बराच वेळ विचार केला. काम मोठं होतं. “कळलं, आबा,” तो म्हणाला. “पण बैलगाडी लागेल.”

“घे! हवं ते घे!” म्हणून आबा आठवडाभर शहरात निघून गेले.

रविवारी सकाळी ते परत आले. वाइनरीच्या फाटकावर नावाची कमान नव्हती. फाटकही नव्हतं. आत पिंपं नव्हती, टेबलं नव्हती, आबांची गादीची खुर्ची नव्हती. चार भिंती होत्या, आणि त्यांतल्या एकीला दार नव्हतं.

आबा धावत गावात आले. खानावळीवर त्यांच्या नावाची कमान झळकत होती. अंगणात ओक लाकडाची पिंपं ओळीने, त्यांवर भाकऱ्यांच्या चवडी. बाटल्यांच्या कपाटाला कुलूप होतं म्हणून कपाट कुलपासकट आणलेलं. चकचकीत बादलीत चाळीस सायकलस्वार हात धूत होते. आबांच्या खुर्चीत कर्णिक बाई.

“लहान्या!” आबांचा आवाज चिरकला. “माझी वाइनरी!”

“होय आबा, भिंती तेवढ्या राहिल्यात,” लहानू घाम पुसत म्हणाला. “पण तुम्ही आपल्या पायांनी आलात ते बरं केलंत. तुम्हाला मी शेवटच्या खेपेला आणणार होतो.”